सात खिळ्यांचे साडेतीन हजार

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो होतो की पोरापोरींना शिकायला, नोकरीला नागपूरला ठेवलं असेल आणि किरायाच्या फ्लॅटपायी डोक्याला ताप झाला असेल, तर कळवा. पत्रं एवढी आली की पोस्टमनला दोनदा चहा पाजावा लागला. नवीन वाचकांसाठी सांगतो: आर्वीच्या तहसीलसमोर लिंबाखाली माझं टेबल आहे. मुद्रांक विकतो, दस्त लिहितो, म्हणून कागदाचं थोडंफार कळतं. आणि लेकरांच्या शिक्षणासाठी सात वर्षं आमचंही बिऱ्हाड नागपुरातल्या तीन फ्लॅट स्कीममध्ये फिरलं. घरची मंडळी तिकडं, मी शनिवारी लाल डब्यानं जायचो. त्यामुळं किरायेदाराचंही थोडं कळतं. नावं छापत नाही, गावं तेवढी देतो.

काकाजी, पोरगी नागपूरले बी.फार्म. करते. मानेवाड्याकडं तिघी पोरींनी मिळून फ्लॅट घेतला होता. नऊ हजार किराया, सत्तावीस हजार डिपॉझिट, नोटरीचा कागद. अकरा महिने भरले, मे महिन्यात फ्लॅट सोडला, तर घरमालकानं साडेअकरा हजारच परत केले. हिशेब मोबाइलवर पाठवला: रंगाचे नऊ हजार, सात खिळ्यांचे पाचशेप्रमाणे साडेतीन हजार, साफसफाई पंधराशे, नळ पंधराशे. मले एकच सांगा, खिया पाचशेले असते काय? – एक शेतकरी बाप, ता. समुद्रपूर

नसतो भाऊ. पाचशेत आमच्याकडं किलोच्या हिशेबानं येतील.

आधी तुमच्या कागदाचं बोलतो, कारण त्यात थोडं पाप माझ्यासारख्याचंही आहे. "अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, नोटरी पुरते," हे वाक्य मी या टेबलावर बसून स्वतः शेकडो वेळा बोललो आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून लांब मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून कोणीतरी अकरा महिन्यांची युक्ती काढली. महाराष्ट्रात ती युक्ती ३१ मार्च २००० ला मेली. त्या दिवशी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. पण तिच्या तेरवीच्या पंगती अजून उठायच्या आहेत. या कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार कितीही महिन्यांचा असो, लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे. आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

तुमच्या कामाचं त्याच्या पुढं आहे. नोंदलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायेदार सांगेल ते खरं धरायचं, घरमालक उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "रंग तुमच्याकडं ठरला होता" असं तो म्हणत असेल तर ते त्यानं दाखवून द्यायचं आहे. तुमच्या पोरीनं काही सिद्ध करत बसायचं नाही. तुमच्या नोटरीच्या कागदावर सत्तावीस हजारांचा आकडा आहे ना, तो पाहा. असेल तर अर्धं काम झालं. रोख दिले आणि आकडा कुठंच नाही असं असेल, तर दरमहा फोनवरून पाठवलेल्या किरायाच्या नोंदी आणि डिपॉझिटबद्दलचे जे काही मेसेज झाले असतील ते आजच काढून ठेवा. मोबाइलवर आलेला तो खिळ्यांचा हिशेब तर मुळीच पुसू नका. कापले किती हे त्यानं स्वतःच्या हातानं लिहून दिलं आहे. घेतले किती हेही त्यातच आलं.

आता खिळ्याकडं येतो.

आमचा पहिला फ्लॅट सोडला तेव्हा मालकानं ओट्याची तडा गेलेली फरशी दाखवली. ती आम्ही यायच्या आधीपासून तडकलेली होती. मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, पण कागदाला ठाऊक नव्हतं. अडीच हजार गेले. परतीच्या प्रवासात आमची घरची एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या फ्लॅटच्या वेळी तिनं पोराची शंभरपानी वही घेतली, पेन घेतला आणि मालकाला म्हणाली, "चला भाऊजी, घर दाखवा." मी दारातच उभा. ती पुढं, मालक मागं. "ओट्याचा डावा कोपरा, तडा. लिहिलं. संडासची टाकी, गळते. लिहिलं. मोठ्या खोलीत खिळे..." मग स्टुलावर चढून मोजले. अकरा. मालक हसायला लागला. ती हसली नाही. खाली त्याची सही घेतली, तारीख घातली. अडीच वर्षांनी घर सोडताना तोच मालक तीच वही हातात घेऊन खोलीत फिरला. खिळे बारा निघाले. "बारावा आमचा," म्हणून तिनं ओट्यावर वीस रुपये ठेवले. त्यानं ते घेतले नाहीत, डिपॉझिट मात्र पूर्ण दिलं, आणि जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई कोर्टात आहेत का?"

आता वहीचं काम फोन करतो. सामान आत न्यायच्या आधी, रिकाम्या घराचा, प्रत्येक भिंत, नळ, टाकी, खिडकीची काच, मीटरचा आकडा असा व्हिडिओ काढायचा आणि त्याच मिनिटाला मालकाच्या नंबरवर पाठवायचा. त्यानं पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा म्हणजेच तारीख.

रंगाचं माझं मत स्पष्ट आहे. अकरा महिने माणसं राहिली की भिंतीला हात लागणार, देवासमोर काजळी धरणार, पलंगामागं पोपडे निघणार. ही वापरातली झीज आहे, आणि ती मालकाच्या किरायातच धरलेली असते. करारात "सोडताना रंगाचे एवढे" असं लिहून सही केली असेल तरच ते तुमच्याकडं येतं. भिंतीवर पोरींनी तेलकट हातांची रांगोळी काढली असेल तर वेगळी गोष्ट. नळ पोरींच्या हातून तुटला असेल तर ते पंधराशे मात्र द्या, पण दुकानाचं बिल पाहून द्या.

करायचं काय? एकटं जाऊन भांडू नका, आणि पोरीला तर मुळीच पाठवू नका. आधी लेखी मागा: कापलेल्या प्रत्येक रकमेचं बिल दाखवा, नाहीतर पंधरा दिवसांत साडेपंधरा हजार परत करा. पत्र स्पीड पोस्टनं पाठवा, पोचल्याची नोंद ठेवा. (रजिस्टर पोस्ट मागायला जाऊ नका, सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टातच मिसळलं आहे. आमच्या पोस्टातही लोक रोज यावरून वाद घालतात.) त्यात कलम ५५ चा एका ओळीत उल्लेख करा, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. बहुतेक मालक इथंच नरम येतात, कारण नोटरीचा कागद आपल्याच गळ्यात येतो हे त्यांना पहिल्यांदा कळतं. नाहीच ऐकलं तर नागपूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं किंवा बापाचं उत्पन्न किती हे न पाहता. तिघी पोरी आहेत, तिघींच्या सह्यांचा अर्ज द्या. प्रकरण कोर्टात जायच्या आधीच लोकअदालतीत मिटवायची सोयही तिथंच आहे. साडेपंधरा हजारांसाठी स्वतःच्या खिशातून वकील लावणं मला पटत नाही; त्यात पोरीचं वर्ष आणि तुमची सोयाबीन दोन्ही मागं पडतील.

मृग लागला की एकीकडं बियाणं-खत अन् दुसरीकडं पोराच्या खोलीचं डिपॉझिट. दोन्ही एकाच पंधरवड्यात. कृषी केंद्रवाल्याकडून व्याजानं पैसे घेऊन डिपॉझिट भरलं. यावर काही तोड आहे काय? – ता. राळेगाव

या पत्रावर मी बराच वेळ थांबलो. शहरातल्या घरमालकाला हे कधी सुचणार नाही की कॉलेज जूनमध्ये उघडतं आणि कापूस दिवाळीनंतर घरी येतो. तो वाईट माणूस नसतो, त्याचा पगार महिन्याला येतो एवढंच. पण सांगितलं तर समजतं. मी माझ्याकडं येणाऱ्यांना डिपॉझिट दोन भागांत लिहून देतो: अर्धं किल्ली घेताना, अर्धं डिसेंबरच्या अखेरपर्यंत. दहातले चार मालक कबूल होतात. बाकीचे सहा नाही म्हणतात, पण विचारल्याबद्दल कोणी हाकलत नाही. आपण विचारायलाच लाजतो, आणि तिथं फसतो.

डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्या राज्याच्या कायद्यात मर्यादा नाही. केंद्रानं २०२१ मध्ये एक नमुना कायदा केला, त्यात घरासाठी दोन महिन्यांचीच मर्यादा आहे. पण तो नमुना आहे. तो दाखवून घरमालक ऐकणार नाही. घासाघीस तुम्हालाच करायची.

दुसरं, पोरगा अनुसूचित जातीचा किंवा नवबौद्ध असेल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नसेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना पाहा. नागपूरसारख्या शहरात राहणं-जेवण धरून वर्षाला ६० हजार रुपये आहेत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अर्जाबरोबर किरायाने राहत असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा नोंदलेला करार इथंही कामी येतो. फक्त त्या पैशावर किराया देण्याचा वायदा करू नका. योजनेचे पैसे हप्त्यानं येतात, घरमालक पाच तारखेला येतो.

करार नोंदवायचा खर्च तुम्ही पत्राच्या शेवटी विचारला आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा किराया अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. आठ हजार किराया, चोवीस हजार डिपॉझिट असेल तर हे तीनशेच्या आतच बसतं. शहरात नोंदणी फी एक हजार. सगळं धरून सरकारी खर्च दोन हजारांच्या आत. ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा लागतो, दोघांनी एका जागी बसलंच पाहिजे असंही नाही. एजंट चार हजार सांगेल. त्याला विचारा, उरलेले दोन कशाचे?

मालक मीटरचे युनिटमागे चौदा रुपये घेतो. आम्ही बिल मागितलं तर म्हणतो, पटत नसेल तर लाइन कापतो. – दोघे भाऊ, मूळ गाव ता. दर्यापूर

लाइन कापायचा त्याला अधिकार नाही. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम २९: पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, संडासची सोय, यातलं काहीही घरमालकानं योग्य कारणाशिवाय बंद करायचं नाही. हे एकदा शांतपणे सांगा.

पण चौदा रुपये सरसकट लूटच असेल असंही मी म्हणणार नाही. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत, मग तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत, त्याच्या वर. मालकाचं एकच मीटर आणि त्याच्यावर तुमचं, वरच्याचं, खालच्याचं असे तीन सब-मीटर असतील, तर सगळ्यांचं मिळून बिल वरच्या टप्प्यात जातं, आणि स्वस्त शंभर युनिट सगळ्यांत मिळून एकदाच मिळतात. वर स्थिर आकार, वहन आकार, सोळा टक्के वीज शुल्क. तेव्हा मालकाकडून बारा आकडी ग्राहक क्रमांक घ्या, बिल मोबाइलवर पाहा, बिलाची एकूण रक्कम भागिले एकूण युनिट करा. जो आकडा येईल तो द्या. साडेबारा आला तर साडेबारा. चौदा आला तर मालकाला एक चहा पाजा.

पुढच्या वेळी स्वतंत्र मीटर नसलेली खोली घेऊच नका. पाचशे रुपये किराया जास्त पडला तरी चालेल.

समृद्धीत जमीन गेली, पैशातून नागपूरला टू-बीएचके घेतला. आम्ही गावातच राहतो. किरायेदाराची मुदत संपून पाच महिने झाले, घर सोडत नाही, किरायाही बंद. आम्ही कुलूप बदलावं म्हणतो. दुसरं, तिथले पदाधिकारी म्हणतात, फ्लॅट किरायाने दिला म्हणून मेंटेनन्स दुप्पट भरा. – ता. सेलू (वर्धा)

इथं बाजू उलटली. जमीन गेलेला शेतकरी आता घरमालक झाला, आणि पत्रातली भाषाही घरमालकाची झाली. वाईट वाटून घेऊ नका भाऊ, थट्टा करतो. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धीवरून पहिल्या गाड्या शिर्डीला धावल्या तेव्हापासून तुमच्यासारखे कितीतरी माझ्या टेबलावर येऊन गेले.

कुलूप बदलू नका. पाणी, वीज तोडू नका. वर दर्यापूरच्या भावांना जे सांगितलं तेच तुम्हालाही लागू आहे. करार लीव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीच्या परवान्याचा) आणि नोंदलेला असेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करा. मुदत संपल्यावर जेवढे दिवस तो बसला तेवढ्या दिवसांचा किराया दुपटीनं मागता येतो. हा रस्ता दिवाणी दाव्यापेक्षा जवळचा आहे. करार नोंदलेला नसेल, तर वरच्या समुद्रपूरच्या उत्तरात मी घरमालकाबद्दल जे लिहिलं ते आरशासमोर उभं राहून पुन्हा वाचा. आणि हो, किरायाची पावती तुम्ही देत होता का? कायद्यानं द्यावी लागते. तुमच्या पत्रात पावतीचा शब्दच नाही.

मेंटेनन्सचं असं आहे की आधी कागद पाहा, इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची स्कीम आहे. नागपुरात दुसरा प्रकारच जास्त. सहकारी संस्था असेल तर शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं हा जादा आकार सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, दुपटीचा प्रश्नच नाही. अपार्टमेंट असेल तर तुमच्या स्कीमच्या घोषणापत्रात (डीड ऑफ डिक्लरेशन) आणि उपविधीत, म्हणजे नियमावलीत, काय लिहिलं ते वाचावं लागेल. ती जाड फाइल बिल्डरनं दिली तेव्हा न उघडता कपाटात टाकली असेल. ती घेऊन या, मी वाचून देतो.

चौथ्या मजल्यावर, वरून स्लॅब. कूलर लावला तर पाणी खाली गळतं म्हणून सेक्रेटरीनं काढायला लावला. नवतपाच्या उन्हात कसं राहावं? – नागपूरला खासगी नोकरी करणारा, मूळ गाव ता. वरुड

फ्लॅट घेताना कोणत्या महिन्यात पाहिला होता? नोव्हेंबरात असेल. नोव्हेंबरात नागपूरची कोणतीही खोली चांगलीच दिसते. वरच्या मजल्याची खोली एप्रिलच्या दुपारी तीन वाजता पाहावी आणि भिंतीला पाठ टेकवून दोन मिनिटं उभं राहावं.

आमचा तिसरा फ्लॅटही वरचाच होता. गॅलरीत लोखंडी स्टँडवर कूलर ठेवला, वाळ्याच्या ताट्या लावल्या, पंपाचा आवाज सुरू झाला आणि पंधरा मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. हातात त्यांच्या दोरीवरची पांढरी चादर, तिच्यावर वाळ्याच्या पाण्याचे तांबूस डाग. बोलल्या काहीच नाहीत, चादर फक्त पसरून दाखवली. त्या दिवशी मी वरून खाली, खालून वर चार चकरा मारल्या. ताटीतून थेंब स्टँडवर, स्टँडवरून गॅलरीच्या उताराला, आणि उतार बाहेरच्या बाजूला. बांधणाऱ्यानं गॅलरीचा उतारच उलटा दिला होता. मग कूलरखाली पत्र्याचा ट्रे बनवून घेतला, ट्रेला कोपऱ्यात भोक पाडून नळी जोडली, नळी बाथरूमच्या जाळीत सोडली. वेल्डिंगवाल्यानं साडेतीनशे घेतले. चादर आमच्या घरचीनं नीळ घालून धुऊन दिली. त्यानंतर काकू कूलर सुरू झाला की खालून ओरडून विचारायच्या, "आज ताट्या भिजल्या का?"

तुमच्या सेक्रेटरीला कूलरची अडचण नाही, गळतीची आहे. ट्रे करून दाखवा आणि मग विचारा. बाहेरच्या भिंतीत पट्ट्या ठोकायच्या असतील तर मात्र मालकाची लेखी परवानगी घ्या. ती भिंत एकट्या मालकाचीही नसते.

अजून दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नाहीत तरी सांगतो. कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या बंद करणाऱ्यांची मला कीव येते. कूलर बाहेरची कोरडी हवा आत ओढतो, तिला बाहेर जायला समोरची खिडकी वीतभर उघडी पाहिजे. नाहीतर तासाभरात खोलीत पावसाळा. आणि दुसरी जिवाची: लोखंडी बॉडीचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि आपण हळहळून पान उलटतो. पाणी भरताना स्विच बंद करून भागत नाही, पिन काढायची. खोलीच्या प्लगला अर्थिंग खरोखर आहे की नुसतं तिसरं भोक आहे, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसवा. मालक पैसे देत नसेल तर स्वतः द्या, सोडताना काढून न्या. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथंच अंडी घालतील.

फोनवर "या, पाहून जा" म्हणतात. आडनाव सांगितलं की "अरे, कालच दिला" म्हणतात. पाच ठिकाणी असं झालं. – पदवीचा विद्यार्थी, जि. यवतमाळ

बाळा, यावर माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कागद नाही. कोणी चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, तक्रार करता येते, करावी. पण "कालच दिला" या दोन शब्दांना कोणता पंच साक्षीदार मिळणार? ते बोलणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं.

आम्हालाही दुसऱ्या स्कीमच्या सेक्रेटरीनं दारातच विचारलं होतं, "तुमच्यात काय काय चालतं?" आमच्या घरचीनं उत्तर दिलं, "आमच्यात उसनं घेतलेलं परत करायचं चालतं." तो गप्प झाला. पण आम्हाला घर मिळालंच असतं, तुला मिळत नाही, हा फरक मला कळतो.

कबूल करायचं तर अजून एक आहे. घरमालक माझ्याकडं करार लिहायला येतात, टेबलावर वाकून हळूच म्हणतात, "काकाजी, जरा पाहून सांगजा, अमुक लोक नको." वर्षानुवर्षं मी मान खाली घालून पुढचा रकाना भरत राहिलो. गेल्या साली एकाला म्हटलं, "हे वाक्य सांगा, अट म्हणून दस्तात लिहितो, खाली तुमची सही." तो उठून गेला. नंतर दोघातिघांना हेच म्हटलं. लिहून घ्यायला अजून एकही तयार झाला नाही.

तुझ्यापुरतं सांगतो. जाहिराती आणि दलाल सोड. एप्रिलमध्ये तुझ्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना भेट. ते मे महिन्यात घरं सोडतात. राहत्या किरायेदारानं "हा आमचा मुलगा" म्हणून मालकासमोर उभं केलेल्याला आडनाव उशिरा विचारतात, कधीकधी विचारतच नाहीत. हे न्यायाचं नाही, मला माहीत आहे. आणि स्वाधार, स्वयं, आधार यातल्या ज्या योजनेत बसत असशील तिचा अर्ज वसतिगृहाच्या अर्जाबरोबरच तयार ठेव. कागद कमी पडला तर आर्वीला ये, लिहिण्याचे पैसे घेणार नाही.

लेक-जावई फ्लॅटमध्ये राहतात. मी उन्हाळ्यात गेले तर मुगवड्या अन् सरगुंडे वाळवायले छताची किल्ली देत नाहीत. म्हणतात, किरायेदारांना छत नाही. वर्गणी मात्र गणपतीले घेतात. – एक आजी, ता. देवळी

आजी, हेच आमच्याकडं होतं. वर्गणीला आम्ही कुटुंब, मीटिंगला किरायेदार. छत सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या सामायिक वापराचं असतं, आणि तुमच्या लेकीच्या घरमालकाचा वापराचा हक्क किराया देणाऱ्याकडं येतो. जावयाला सांगा, मालकाकडून दोन ओळी लिहून आणा की माझ्या फ्लॅटतर्फे हे छत वापरतील. ती चिठ्ठी सेक्रेटरीला द्या.

चिठ्ठीबरोबर वाटीभर मुगवड्याही द्या. आमच्या वेळी किल्ली चिठ्ठीनं मिळाली की वड्यांनी, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. चादरीच्या चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा, मे महिन्याच्या दुपारी तिथं वावटळ येते.